घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांना चालेल अशी छोटी दुर्बीण

सहलीसाठी दुर्बीण घ्यायची ठरली की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘हिच्यातून किती लांबचं दिसतं?’ दुकानदार याच प्रश्नाची वाट बघत असतो. मग कपाटातून सगळ्यात मोठा आकडा छापलेला खोका निघतो आणि समोर येतो. चंद्र सरासरी ३,८४,००० किलोमीटरवर आहे आणि तो उघड्या डोळ्यांनी दिसतो. तेव्हा ‘किती लांबचं’ हे दुर्बिणीचं मापच नव्हे.

घरासाठी घेताना विचारायचं ते असं: ती कोणाकोणाच्या डोळ्यांना लागणार? पक्षिनिरीक्षकाची दुर्बीण एकाच्याच गळ्यात असते. घरची दुर्बीण दर दोन मिनिटांनी हात बदलते. बाबांकडून सात वर्षांच्या मुलीकडे, तिच्याकडून चष्मा लावणाऱ्या आजीकडे, आणि ‘मला बाई काळंच दिसतंय’ म्हणत आजी ती परत करते. अशी दुर्बीण दोन सहलींनंतर माळ्यावर जाते. म्हणून इथे मी एकच धोरण धरलं आहे: घरातल्या सगळ्यात अडचणीच्या डोळ्यांना जी चालेल ती घ्यायची. बाकीच्यांना ती बहुतेक चालतेच.

१. कुठे नेणार ते आधी ठरवा

छोटी दुर्बीण म्हणजे साधारण २० ते २५ मिलिमीटर भिंगाची, घडी घालून जॅकेटच्या खिशात किंवा पर्समध्ये मावणारी, दोनशे ते साडेतीनशे ग्रॅम वजनाची. तिच्या वरची पायरी ३० ते ३२ मिमीची. ती खिशात जात नाही, पण सॅकच्या कप्प्यात बसते. वजन साडेचारशे ते सहाशे ग्रॅमच्या आसपास. त्याहून वर ४२ मिमीची, जी पक्षिनिरीक्षकांच्या गळ्यात दिसते. ती चांगलीच असते, पण लहान मुलाच्या मानेला आणि आजोबांच्या मनगटाला जड.

किल्ला, समुद्रकिनारा, रेल्वेचा प्रवास, क्रिकेटची मॅच, बाल्कनी, सोसायटीतलं पिंपळाचं झाड हा तुमचा वापर असेल तर २५ मिमी पुरे. उलट तुमच्या सहली म्हणजे ताडोबाची पहाटेची सफारी किंवा भीमाशंकरच्या दाट झाडीतला शेकरू असं असेल, तर ३० किंवा ३२ मिमीकडे जा. तिथे उजेड कमी असतो आणि छोट्या भिंगाची मर्यादा तिथेच कळते.

नाटकासाठी मात्र यातली कुठलीच घेऊ नका. बाल्कनीतून आठ पट दुर्बीण लावली की एका नटाचा चेहरा दिसतो आणि रंगमंचावर बाकी काय चाललंय ते सुटतं. तिथे तीन-चार पट पुष्कळ झालं.

२. ८×२५ वाचायला शिका

पहिला आकडा किती पट जवळ दिसणार तो. उजनी धरणाकाठच्या भिगवणला होडीतून ८० मीटरवर रोहित पक्ष्यांचा थवा असेल, तर आठ पट दुर्बिणीतून तो १० मीटरवर असल्यासारखा दिसतो. दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. उजेड आत घेण्याचं काम त्याचं.

आता या दोन आकड्यांचा भागाकार करा. २५ भागिले ८ म्हणजे ३.१. दुर्बिणीतून बाहेर येणारा उजेडाचा गोल इतक्या मिलिमीटरचा असतो. रखरखीत उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरची होते, तेव्हा ३.१ चा गोल तिला पुरून उरतो. संध्याकाळी बाहुली मोठी होते आणि तोच गोल अपुरा पडतो. म्हणून दिवेलागणीला छोट्या दुर्बिणीतलं चित्र काळवंडतं. ८×४२ मध्ये हा गोल सव्वापाच मिमीचा असतो, त्यामुळे तिन्हीसांजेला ती जिंकते. दहा पटीच्या छोट्या दुर्बिणीत, म्हणजे १०×२५ मध्ये, तो अडीचच मिमी उरतो.

अडीच आणि तीन यांत काय मोठा फरक, असं वाटेल. पण गोल लहान असला की डोळा नेमका मधोमध धरावा लागतो. जरा इकडेतिकडे झालं की कडेने काळी सावली सरकत येते. सवयीचा माणूस ते नकळत सावरतो. मूल सावरू शकत नाही, आजीही नाही. ‘काळंच दिसतंय’ ही तक्रार पुष्कळदा यातूनच येते.

दहा पटीची दुसरी अडचण म्हणजे हात. दुर्बीण पक्ष्याबरोबर हाताचं कापणंही तितकंच मोठं करते. भिगवणच्या डुलत्या होडीत किंवा गड चढून धाप लागलेली असताना दहा पटीत पक्षी नाचत राहतो. आठ पटीत तो शांत दिसतो, आणि शांत दिसणाऱ्या लहान चित्रात हलत्या मोठ्या चित्रापेक्षा जास्त बारकावे हाती लागतात.

तिसरी गोष्ट दृश्याची रुंदी. खोक्यावर ‘६.५ अंश’ किंवा ‘१००० मीटरवर ११४ मीटर’ असं काहीतरी लिहिलेलं असतं, दोन्ही एकच. एका अंशाला हजार मीटरवर साडेसतरा मीटर, असा हिशेब. काही कंपन्या हजार यार्डांवर किती फूट ते देतात. त्या आकड्याला साडेबावन्नने भागलं की अंश मिळतात. साडेसहा अंशांची दुर्बीण वीस मीटरवरच्या वडाचा सव्वादोन मीटर रुंद तुकडा दाखवते, सव्वापाच अंशांची पावणेदोनहून किंचित जास्त. टुकटुक करणारा तांबट पानांत नेमका कुठे बसलाय ते शोधताना हा अर्धा मीटर फार कामाला येतो. छोट्या दुर्बिणीत सहा अंशांच्या खाली जाऊ नका, असं मी सांगेन.

तेव्हा घरासाठी आठ पट घ्या. दुकानदार ‘दहावालीच चालते हो’ म्हणेल. म्हणू दे.

३. घरातले डोळे मोजा

ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि सगळा घोटाळा इथेच होतो.

आधी दोन डोळ्यांमधलं अंतर. घरातल्या सगळ्यात लहान मुलाला उजेडात समोर बसवा, लांब कुठेतरी बघायला सांगा, नाकाच्या वर आडवी पट्टी धरा आणि एका बाहुलीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत मोजा. मोठ्या माणसांत हे बहुधा साठ मिलिमीटरच्या आगेमागे भरतं. पाच-सहा वर्षांच्या मुलात ते पन्नासच्या आसपास असू शकतं. दुर्बिणीच्या माहितीत हे अंतर बहुतेक ‘५६ ते ७२ मिमी’ असं दिलेलं असतं. म्हणजे पन्नासवाल्या मुलाला त्या दुर्बिणीतून दोन्ही डोळ्यांनी एकत्र बघताच येत नाही. ते एक डोळा मिटून बघतं किंवा कंटाळून देऊन टाकतं, आणि आपण म्हणतो, पोराला आवडच नाही.

यावर उपाय दोन बिजागऱ्यांची दुर्बीण. तिच्या दोन्ही नळ्या मधल्या पट्टीवर स्वतंत्रपणे आत वळतात, म्हणून ती घडी होऊन लहान होते आणि लहान चेहऱ्यासाठी बरीच जवळही आणता येते. तोटा असा की प्रत्येकाने हातात घेतल्यावर दोन्ही बाजू सारख्या उघडाव्या लागतात. एकाच बिजागरीची, जरा जाडसर छोटी दुर्बीण चटकन लागते, पण ती फार जवळ येत नाही. घरात सात-आठ वर्षांच्या आतलं मूल असेल तर दोन बिजागऱ्या, सगळे मोठे असतील तर एक, असा माझा सरळ हिशेब. दुकानात मुलाला सोबत न्या. पट्टीपेक्षा त्याच्या तोंडून ‘दिसलं!’ ऐकणं अधिक भरवशाचं.

आता चष्मा. मागच्या भिंगापासून डोळा किती लांब ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं, ते अंतर प्रत्येक दुर्बिणीचं वेगळं असतं. माहितीपत्रकात ते ‘आय रिलीफ’ या नावाखाली मिलिमीटरमध्ये देतात. चष्मा लावून बघायचं तर ते निदान १५ मिमी हवं. पुष्कळ स्वस्त छोट्या दुर्बिणींत ते दहा ते तेराच असतं, आणि मग चष्मेवाल्याला खिडकीच्या फटीतून बघितल्यासारखं मधलंच दिसतं. १५ च्या पुढची छोटी दुर्बीण थोडी महाग मिळते. घरात चष्मे असतील तर पैसे तिथे घाला, जास्त पटीवर नको. मागच्या भिंगांभोवतीचे रबरी किंवा फिरवायचे आयकप चष्मेवाल्याने खाली करायचे, बाकीच्यांनी वर. आजीला फक्त हे सांगितलं तरी निम्मी तक्रार मिटते.

नुसता लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढूनही चालतं. फोकसचं चाक तो फरक भरून काढतं. सिलिंडरचा नंबर मात्र दुर्बीण भरून काढू शकत नाही, त्यामुळे तो जास्त असेल तर चष्मा ठेवूनच बघावं. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असेल तर मान थोडी खाली घालून काचेच्या वरच्या भागातून बघायचं. खालच्या भागात वाचनाचा नंबर असतो आणि त्यातून सगळंच धुरकट दिसतं.

४. आतलं सामान

दुर्बिणीत उलटं झालेलं चित्र सुलटं करायला काचेचे लोलक असतात. नागमोडी नळ्यांची जुनी घडण पोरो या इटालियन माणसाच्या नावाने ओळखली जाते. त्याने १८५४ मध्ये तिचं पेटंट घेतलं. सरळ नळीची घडण ती रूफ. छोट्या दुर्बिणी दोन्ही प्रकारच्या मिळतात. सारख्या किमतीत पोरो लोलकाची दुर्बीण बरेचदा जास्त स्पष्ट दिसते, कारण रूफ लोलक अचूक बनवणं खर्चिक पडतं. पण घडी होणारी सडपातळ हवी असेल तर रूफच.

खोक्यावर ‘बीएके-४’ काच आणि ‘फुल्ली मल्टिकोटेड’ हे दोन शब्द असले तर बरं. पहिला लोलकाच्या चांगल्या काचेबद्दल, दुसरा सगळ्या काचांवर अनेक थरांचा लेप असल्याबद्दल. नुसतं ‘कोटेड’ लिहिलं असेल तर एखाद्या पृष्ठभागावर एखादाच थर असू शकतो. रूफ दुर्बिणीत लोलकावर ‘फेज कोटिंग’ हा खास लेप असेल तर आणखी छान, पण ते स्वस्तात मिळत नाही.

आपल्याकडे चार महिने पाऊस असतो आणि किनाऱ्यावर बाराही महिने दमट हवा, म्हणून ‘वॉटरप्रूफ’ आणि आत नायट्रोजन भरलेली दुर्बीण मिळाली तर थोडे जास्त पैसे देऊन घ्यावी. कोरड्या नायट्रोजनमुळे आतून धुकं धरत नाही. ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे चार शिंतोडे चालतील, एवढंच.

५. यांच्या नादी लागू नका

झूम दुर्बीण. ८ ते १६, १० ते ३० असे आकडे भुलवतात, पण छोट्या भिंगावर सोळा पट लावली की उजेडाचा गोल दीड मिमीचा राहतो. शिवाय झूमच्या बऱ्याच दुर्बिणी कमी पटीतही अरुंद दाखवतात.

‘५०×५०’, ‘१०००×’, ‘दिवस-रात्र व्हिजन’ असं छापलेल्या खिशातल्या दुर्बिणी. तळहाताएवढ्या दुर्बिणीत पन्नास पट असूच शकत नाही. असली तरी हातात धरून काही दिसणार नाही. ‘नाइट व्हिजन’ नावाने येणाऱ्या बहुतेक स्वस्त वस्तू साध्या दुर्बिणीच असतात.

लालभडक चकाकणारी भिंगं. दिसायला झोकदार, पण तो लेप लाल उजेड परत फेकतो आणि चित्र हिरवट-निळसर होतं. हळदी-कुंकू बदकाच्या चोचीवरचे लाल ठिपके ओळखायचे असतील तर ही दुर्बीण मुद्दाम टाळावी.

फोकसचं चाकच नसलेली दुर्बीण. मॅचपुरती ठीक, जवळची फुलपाखरं आणि चिमण्या तिच्यात कधीच धारदार दिसत नाहीत.

६. दुकानात पाच मिनिटं

आकड्यांवर पसंत केलेली दुर्बीण हातात घेऊन बघणं वेगळंच. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच दुर्बिणी सारख्या वाटतात, त्यामुळे दाराशी जाऊन रस्त्यापलीकडे बघायची परवानगी मागा. दुकानदार काचकूच करेल. घरातल्या कोणाला तरी काउंटरपाशी उभं करा, म्हणजे तोही निश्चिंत.

दुर्बीण डोळ्यांपासून हातभर लांब धरा आणि आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे रोखून मागच्या भिंगांत बघा. दोन उजळ ठिपके दिसतील. ते स्वच्छ गोल हवेत. चौकोनी कापलेले किंवा कडेला करडे दिसले तर आतले लोलक हलक्या प्रतीचे आहेत.

मग समोरची दुकानाची पाटी बघा. मधली अक्षरं फोकस करा आणि दुर्बीण तशीच ठेवून पाटीच्या कडेची अक्षरं वाचून पाहा. कडेला थोडं पुसट होणं छोट्या दुर्बिणीत चालतं. पण अर्ध्यातूनच अक्षरं फिसकटत असतील तर ठेवून द्या. रस्त्यावरची आडवी विजेची तार दुर्बिणीतून बघा: ती एकच दिसली पाहिजे. दोन मिनिटं सलग बघून डोळे ओढल्यासारखे किंवा कपाळ जड झाल्यासारखं वाटलं, तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत. हा दोष स्वस्त दुर्बिणीत पुष्कळ आढळतो, घरी दुरुस्त होत नाही, आणि दुकानदार ‘सवय होईल’ म्हणतो. सवय होत नाही, डोकं दुखतं.

चाक फिरवा. मध्येच सैल, मध्येच घट्ट असं नको. फिरवायला लागल्याबरोबर फोकस हलला पाहिजे. उघडलेली दुर्बीण एका नळीला धरून आडवी केली तर दुसरी नळी आपोआप खाली पडू नये, नाहीतर प्रत्येकाची मापं दर वेळी बिघडतील. शेवटी दुकानाच्या फरशीवरचा ठिपका बघत किती जवळपर्यंत फोकस होतो ते पाहा. अडीच-तीन मीटर असेल तर छान.

ऑनलाइन घेतली तर हेच सगळं परत करण्याची मुदत संपायच्या आत, रविवारची वाट न बघता दुर्बीण आली त्याच दिवशी करा. वेष्टन सांभाळून ठेवा.

७. कितीची आणि कुठली

दोन हजारांच्या आत नशिबाचा खेळ. एखादी चांगली निघते, पण त्याच मॉडेलची दुसरी वाकडी निघू शकते. साडेतीन-चार हजारांपासून दहा-बारा हजारांपर्यंतच्या पट्ट्यात घरगुती वापराची चांगली निवड असते. निकॉनची अॅक्युलॉन आणि स्पोर्टस्टार ही मालिका, सेलेस्ट्रॉनच्या छोट्या दुर्बिणी, बुशनेल, पेंटॅक्स ही नावं बाजारात सहज भेटतात. स्पोर्टस्टार ८×२५ घडी होणारी, वॉटरप्रूफ आणि रुंद दृश्याची आहे, पण तिचं चष्म्यासाठीचं अंतर दहाच मिमी, त्यामुळे चष्म्याच्या घरात ती गैरसोयीची. एकाच दुर्बिणीत सगळं मिळत नाही ते असं.

ज्यांची मुलं बागेतल्या किड्या-फुलपाखरांत रमतात त्यांनी पेंटॅक्सची पॅपिलिओ एकदा बघावी. ती साडेसहा किंवा साडेआठ पटीत मिळते आणि अर्ध्या मीटरवर फोकस होते. घाणेरीच्या फुलावर बसलेल्या फुलपाखराची सोंड गुंडाळताना दिसते. भिंग २१ मिमीचं असल्याने संध्याकाळी तिचा उपयोग नाही, पण दुपारच्या परसबागेत तिला तोड नाही.

झाइस, स्वारोवस्की, लायका यांच्याही छोट्या दुर्बिणी असतात. झाइसच्या टेरा ईडी ८×२५ मध्ये चष्म्यासाठीचं अंतर सुमारे १६ मिमी आहे, म्हणजे चष्मेवाल्यांसाठी उत्तम. किमती मात्र वरच्या पट्ट्याच्याही बऱ्याच पुढे. मुलं दुर्बीण पायरीवर ठेवून विसरतील अशा वयात असतील तर थांबा.

ओळखीच्यांकडून वापरलेली मिळत असेल तर पुढच्या भिंगातून टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले की ती बुरशी. फुकट मिळाली तरी घेऊ नका.

८. पहिल्या दिवशी लावून घ्या

नवी दुर्बीण सहलीच्या गाडीत पहिल्यांदा उघडू नका. आदल्या दिवशी गच्चीत बसा आणि प्रत्येकाची बसवणूक करून घ्या.

आयकप चष्म्याप्रमाणे खाली-वर करा. दोन्ही नळ्या उघडत-मिटत दोन गोलांचा एक गोल होईपर्यंत आणा. सिनेमात दाखवतात तसे दोन जोडलेले गोल प्रत्यक्षात दिसत नाहीत. दिसत असतील तर नळ्यांचं अंतर चुकलंय. आता उजव्या बाजूच्या पुढच्या भिंगावर तळहात धरा, डोळा मिटू नका, आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याने लांबची एखादी पाण्याची टाकी धारदार करा. मग हात डाव्या भिंगावर धरा, आणि मधल्या चाकाला न शिवता उजव्या नळीवरची डायॉप्टरची चकती (दोन डोळ्यांच्या नंबरांतला फरक भरून काढणारी) फिरवून तीच टाकी उजव्या डोळ्याला धारदार करा. झालं. यापुढे तुम्हाला फक्त मधलं चाक लागेल. चकतीचा काटा कुठे थांबला ते प्रत्येकाने लक्षात ठेवावं, कारण पुढच्या माणसाने ती हलवलेली असणार. लहान मुलांसाठी चकती शून्यावर ठेवा. ही कसरत त्यांच्याकडून करून घेऊ नका.

पक्षी शोधण्याची युक्ती अशी: नजर पक्ष्यावर रोखून ठेवा, मान आणि डोळे जराही न हलवता दुर्बीण डोळ्यांपुढे आणा. बहुतेक नवखे खाली बघून दुर्बीण उचलतात आणि मग वर फांद्यांच्या जंगलात हरवतात. मुलांना सुरुवातीला देवळाचा कळस, मोबाइलचा मनोरा, बसलेली घार असं मोठं आणि स्थिर काहीतरी द्या. शिंजीर पहिल्या दिवशी नको. तो एका जागी बसत नाही आणि मूल रडकुंडीला येतं. दुसऱ्याला पक्षी दाखवताना ‘तो बघ तिकडे’ म्हणू नका. झाडाला घड्याळ समजा आणि ‘दोन वाजता, दुसऱ्या फांदीवर’ असं सांगा.

कोपरं बरगड्यांना टेकवा, किंवा भिंतीला, तटबंदीला, गाडीच्या टपाला. डोक्यावर टोपी असेल तर बोटांनी तिची पुढची कड आणि दुर्बिणीच्या नळ्या एकत्र पकडा. हात पाहता पाहता स्थिर होतो. पट्टा नेहमी गळ्यात किंवा मनगटात. मुलाकडे देताना आधी त्याच्या गळ्यात पट्टा, मग हातात दुर्बीण, हा क्रम घरात नियम म्हणून लावून टाका.

आणि दुसरा नियम, जो कधीही मोडायचा नाही: दुर्बिणीतून सूर्याकडे बघायचं नाही. उगवता नाही, मावळता नाही, ग्रहणातला नाही. क्षणभरात डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. लहान मुलांना उन्हात दुर्बीण देऊन एकटं सोडू नका.

९. सुरुवात कुठून करावी

बाल्कनीतून. दयाळ, वेडा राघू, सातभाईंची टोळी, खंड्या यांना रोज बघून हात बसतो. शेजाऱ्यांच्या खिडक्यांच्या दिशेला मात्र दुर्बीण वळवू नका. सोसायटीत गैरसमज व्हायला एक दुपार पुरते. लष्करी हद्द, नौदलाचा परिसर, विमानतळाचं कुंपण इथेही दुर्बीण पिशवीतच बरी. मॅचला नेणार असाल तर स्टेडियममध्ये काय आत नेता येतं ते आधी तिकिटावर वाचा.

पहिली खास सहल हिवाळ्यात पाणथळीवर करा. झाडीत पक्षी लपतात, पाण्यावर ते उघड्यावर असतात, त्यामुळे नवख्यांना यश लवकर मिळतं. उजनीच्या फुगवट्यावरचं भिगवण, निफाडजवळचं नांदूर मध्यमेश्वर, ऐरोलीहून ठाणे खाडीतली होडी, गोव्यात चोडण बेटावरचं डॉ. सलीम अली अभयारण्य, यांतलं जवळचं निवडा. नांदूर मध्यमेश्वरला निरीक्षण मनोरे आहेत. तिथे कठड्याला कोपरं टेकता येतात, म्हणून आजी-आजोबांसाठी ते होडीपेक्षा सोयीचं. शेकाट्याचे लांब गुलाबी पाय आणि जांभळी पाणकोंबडी दिसली की मुलं परत दुर्बीण मागतात.

गडावर जायचं तर पाऊस सरल्यानंतर. तेव्हा हवा धुतलेली असते आणि सिंहगडावरून राजगड-तोरण्याच्या माच्या उठून दिसतात. मे महिन्यात दुपारी तेच बघायला गेलात तर डोंगर पाण्यातून बघितल्यासारखे हलतात. तो दुर्बिणीचा दोष नव्हे. तापलेली हवा आणि धूळही ती आठ पट करून दाखवते.

रात्री आकाशाकडे वळवा. पौर्णिमेचा चंद्र सपाट दिसतो; अष्टमीच्या आसपास बघा, उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या पडलेल्या असतात. कृत्तिकेच्या जागी उघड्या डोळ्यांना सहा-सात तारे मोजता येतात, दुर्बिणीत कितीतरी. गुरू आकाशात असेल तर भिंतीला टेकून, श्वास रोखून बघा. शेजारी एका रेषेत बारीक ठिपके दिसू शकतात. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने पाहिले ते हेच चंद्र. शनीची कडी मात्र आठ पटीत दिसणार नाहीत, मुलांना आधीच सांगून ठेवा.

१०. पावसाळ्यात सांभाळ

भिंग सदऱ्याच्या टोकाने पुसू नका. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, आणि सगळ्यात शेवटी मायक्रोफायबरचं कापड, गोल गोल हलक्या हाताने. धूळ न उडवता पुसलं तर तीच धूळ लेपावर ओरखडे काढते. समुद्रावरून आल्यावर दुर्बीण वॉटरप्रूफ असेल तर बाहेरून ओलसर कापडाने मीठ टिपून घ्या.

बुरशी हा आपल्याकडचा खरा शत्रू. दुर्बिणीबरोबर मिळालेली रेक्झिनची पिशवी प्रवासापुरती ठीक, पण जून ते ऑक्टोबर दुर्बीण तिच्यात ठेवून कपाटात टाकू नका. ती पिशवी ओल धरून ठेवते. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि दुर्बीण ठेवा. रंग बदलणारं जेल आणलं तर ते कधी ओलं झालं ते कळतं. पुडीवर दिलेल्या पद्धतीने गरम करून ते पुन्हा वापरता येतं. भिजून आलेली दुर्बीण आधी पंख्याखाली कोरडी करा, मगच डब्यात. आठवड्यातून एकदा डबा उघडून चार मिनिटं बाहेर बघा, हवाही लागते आणि कावळ्याचं घरटंही दिसतं.

आत बुरशी दिसायला लागली तर स्वतः स्क्रू उघडू नका. लोलक केसाएवढे हलले तरी दोन नळ्यांची रेष बिघडते. महाग दुर्बीण असेल तर कंपनीच्या सेवा केंद्रात द्या. तीन-चार हजारांची असेल तर दुरुस्तीचा खर्च आधी विचारा; बऱ्याचदा तेवढ्यात नवी येते.